उखळाची पुढली भिंत

जुन्या वळणाच्या शरीररचनेच्या वर्गात काचेच्या कपाटातील मानवी कवटी बाहेर काढून ती खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहण्याचा योग ज्याला आला असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट राहिली असली पाहिजे. ती अशी की, ज्या जबड्याची गणना आपण शरीरातील भक्कम हाडांत करतो, ज्याच्या बळावर सुपारी फोडतो आणि उसाचे कांडे सोलतो, त्याच जबड्याची पुढल्या दातांच्या मुळांवरची भिंत कित्येक ठिकाणी इतकी पातळ असते की तिच्यातून उजेड झिरपतो. मी पाहिलेल्या एका कवटीत वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळावर मसुराच्या डाळीएवढे एक भोक होते आणि त्यातून मुळाचा पिवळसर पृष्ठभाग दिसत होता. त्याच कवटीच्या खालच्या जबड्यात एका पटाशीच्या दातापुढे हाडाची कड अर्ध्या मुळापर्यंत निमुळती चिरत गेलेली होती. प्रथम मला वाटले, हाताळताना कोणाच्या तरी हातून ती दुखावली असावी. पण भोकाच्या कडा घासून घेतल्यासारख्या गुळगुळीत होत्या, आणि शिकविणाऱ्या गुरुजींनी खुलासा केला की हा अपघात नव्हे, हा मनुष्य हिंडत-फिरत होता तेव्हाही त्याच्या या दातांना पुढून हाडाचे पांघरूण नव्हते. जे काही होते ते हिरडीचेच.

युरोपीय वैद्यकाच्या लॅटिन परिभाषेत यांपैकी पहिल्या प्रकाराला खिडकीवरून नाव पडले आहे, आणि दुसऱ्याला पिकलेली शेंग शिवणीवर तडकते त्या क्रियेवरून. आपण त्यांना गवाक्ष आणि तडा म्हणावे. गवाक्ष फारसे घातक नसते, कारण त्याच्या वर हाडाची एक पट्टी शाबूत राहिलेली असते. तडा मात्र हाडाच्या कडेपासूनच सुरू होत असल्यामुळे त्याच्या पुढची हिरडी निराधार उभी असते, आणि ती तशी किती वर्षे उभी राहील हे तिच्या स्वतःच्या जाडीवर अवलंबून असते.

दाताच्या या घराला आपल्याकडे फार जुने आणि फार समर्पक नाव आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ३६० अस्थींची मोजदाद करताना ३२ दात वेगळे धरले आहेत आणि ३२ ‘दंतोलूखले’ वेगळी धरली आहेत. म्हणजे दात ही एक वस्तू आणि तो ज्यात बसतो ते उखळ ही दुसरी वस्तू, असा भेद त्या संहिताकारांना करावासा वाटला. सुश्रुताने अस्थींची संख्या ३०० वर आणली आणि मुखाचे ६५ रोग सांगताना त्यांपैकी १५ दंतमूलांच्या, म्हणजे हिरड्यांच्या, खाती टाकले. त्यांत हिरडीतून रक्त येऊन ती कुजत झडत जाण्याचा ‘शीताद’ आहे, पू आहे, सूज आहे, नाडीव्रण आहेत. रोगाचे हे वर्णन सूक्ष्म आहे खरे, पण उखळाची उपमा पुढे कोणी तपासून पाहिली नाही. आपल्या घरातील उखळ चहूबाजूंनी सारखे जाड असते. दाताचे उखळ तसे नाही. त्याची जिभेकडची भिंत बहुधा जाड आणि ओठाकडची पातळ, वरच्या पुढल्या दातांपुढे तर पुष्कळदा एक मिलिमीटरही भरत नाही अशी. ज्या उखळाची एक बाजू दगडाची आणि दुसरी कागदाची आहे, त्यात मुसळ चालविण्यास कोणतीही शहाणी गृहिणी धजणार नाही. दात सरळ करण्याच्या विद्येचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मी वाचू लागलो तेव्हा मला वाटू लागले की ही विद्या मुसळाकडे फार काळ पाहत राहिली आणि उखळाकडे फार उशिरा वळली.

वाचकाने आरशापुढे उभे राहून खालचा ओठ बोटांनी पुढे ओढून पाहावा. दातांच्या गळ्याशी एक घट्ट, मंद चमकेची, संत्र्याच्या सालीसारखी बारीक ठिपके असलेली पट्टी दिसेल, आपल्या लोकांत पुष्कळदा सावळ्या छटेची. ती खाली एका रेषेशी संपते आणि त्या रेषेपलीकडे ओठाच्या आतली लालसर, सैल, हालणारी त्वचा सुरू होते. घट्ट पट्टी ही खरी हिरडी. ती हाडाला आणि दाताच्या मुळाला चिकटलेली असते. कोणाची ही पट्टी रुंद आणि जाड असते, कोणाची इतकी अरुंद की ओठाच्या आतली दोरी दाताच्या गळ्यालाच हिसके देते. याच पट्टीवरून आडवे बोट फिरवले असता काहींच्या बोटाला सपाट भिंत लागते, तर काहींच्या बोटाला धुण्याच्या दगडावरील पन्हळींसारखे उंचवटे एकामागून एक लागतात. ते उंचवटे म्हणजे मुळे, आणि ती इतकी स्पष्ट लागतात याचा अर्थ त्यांच्यावर पांघरूण बेताचेच आहे.

हिरडी ही स्वतंत्र वृत्तीची नाही. ती हाडाची आश्रित आहे. १९६१ साली गार्गिउलो, वेन्ट्झ आणि ऑर्बन या तिघांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांचे सूक्ष्म छेद मोजून दाखविले की हाडाच्या कडेवर हिरडीचा जो चिकटलेला भाग असतो त्याची सरासरी उंची २.०४ मिलिमीटर भरते, आणि ती माणसामाणसांत बदलली तरी फार मोठी झेप घेत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की हाडाची कड जिथे उभी राहील तिच्यापासून ठराविक अंतरावर हिरडी उभी राहू पाहते, आणि कड खाली गेली तर आज ना उद्या हिरडीलाही खाली उतरावे लागते. लोक म्हणतात, ‘दात लांब झाले’. दात वाढत नाहीत. पडदा खाली जातो आणि मुळाचा पिवळा, थंड पाण्याने झिणझिणणारा भाग रंगभूमीवर येतो.

हिरडी जशी हाडाची आश्रित तसे हाड दाताचे आश्रित, ही दुसरी बाजू लंडनच्या जॉन हंटरने १७७१ च्या आपल्या दंतविषयक ग्रंथात फार पूर्वी मांडून ठेवली होती. हंटर हा माणूस विलक्षण जिज्ञासू; मनुष्याचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तेथे रुजतो की काय हे पाहण्यापर्यंत त्याची मजल गेली, आणि तो नमुना त्याच्या नावाच्या संग्रहालयात आजही आहे. त्याच्या ध्यानात आले की ज्या हाडात दात बसतात ते हाड जबड्याचे नसून जणू दातांचेच असते: दात येऊ लागले म्हणजे ते उभे राहते आणि दात पडले म्हणजे तेही झिजून नाहीसे होते. कवळी वापरणाऱ्या वृद्धाचा बसलेला चेहरा हा या सिद्धांताचा चालताबोलता दाखला आहे. पण या एका निरीक्षणातून दोन निरनिराळे निष्कर्ष निघू शकत होते. एक असा की हाड दाताचे चाकर असल्यामुळे दात जिथे जाईल तिथे ते त्याच्यामागे येईल. आणि दुसरा असा की हे हाड दाताशिवाय टिकत नाही इतके नाजूक आहे, म्हणून दात हलविताना त्याला जपले पाहिजे. पुढच्या दीडशे वर्षांत पहिल्या निष्कर्षाचा डंका वाजत राहिला.

पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ मध्ये घोड्याच्या नालासारखी वाकविलेली धातूची पट्टी दातांना दोऱ्यांनी बांधून ते ओळीत आणण्याची तजवीज वर्णन केली आहे, पण त्या काळातील हे उपचार थोड्यांच्या वाट्याला येत आणि त्यांचे पुढे काय होई याचे दप्तर कोणी ठेवले नाही. या धंद्याला शास्त्र, शाळा, परिभाषा आणि (सांगावयास हरकत नाही) धर्मपंथाचा आवेश मिळवून दिला तो अमेरिकेतील एडवर्ड हार्टली अँगल याने. १८९९ मध्ये त्याने वेड्यावाकड्या दातांचे जे वर्गीकरण केले ते आजही जगभर चालते. १९०० साली सेंट लुईस येथे त्याने या विद्येची पहिली स्वतंत्र शाळा काढली. १९०७ च्या त्याच्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत एका कवटीचे चित्र आहे. तिचे सर्व दात जागच्या जागी, एकमेकांत चपखल बसलेले. अँगलने तिला अमेरिकन लोक आपल्या राष्ट्रध्वजाला ज्या लाडक्या नावाने ओळखतात ते ‘ओल्ड ग्लोरी’ हे नाव दिले होते, यावरून त्याची भक्ती कळून येते. त्याचे फर्मान सोपे होते: परमेश्वराने बत्तीस दात दिले आहेत तेव्हा बत्तीसही ठेवा, एकही उपटू नका, दाटीवाटी असेल तर कमान रुंद करा, दात पुढे आणा, त्यांचा चावा जुळवून द्या, आणि मग चर्वणाच्या व्यापाराने हाड आपोआप त्यांच्या खाली उभे राहील.

या शेवटल्या श्रद्धेला बर्लिनच्या शस्त्रवैद्य युलियस वोल्फचा आधार होता. १८९२ मध्ये वोल्फने प्रतिपादन केले होते की हाडावर पडणाऱ्या भाराप्रमाणे त्याची आतली रचना बदलत जाते. मांडीच्या हाडाविषयी काढलेला हा नियम अँगलने कागदी भिंतीला लावला. नियम खोटा नव्हता. पण रयतेला वतन देण्याचा हुकूम सुटला म्हणून जमीन वाढत नाही, हे कोणत्याही कुलकर्ण्याने त्याला सांगितले असते. अँगलच्या आरंभीच्या उपकरणात पुढून एक जाड कमानीसारखी तार असे आणि दात तिच्याकडे बांधून ओढले जात. त्यामुळे दात सरकण्यापेक्षा पुढे कलत अधिक. मुकुटांची रांग सुरेख दिसे, साचे फळीवर मांडून ठेवण्यासारखे होत, आणि प्लास्टरच्या साच्यात हाड दिसत नाही.

तार दाताला कशी हलविते याचा उलगडा मात्र अमेरिकेत झाला नाही. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडने एका कुत्र्याच्या पुढल्या दातांना तीन आठवडे तारेने ओढून, मग त्या भागाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि १९०४–०५ मध्ये जे पाहिले ते लिहून ठेवले. दात ज्या बाजूला सरकतो त्या बाजूची भिंत आतून पोखरली जाते आणि ज्या बाजूने सरतो तेथे नवे हाड साठत येते. पण तार फार जोराने ओढली तर दाबाच्या बाजूचे पेशीजाल चेंगरून काचेसारखे निर्जीव होते, आणि हाडाला मग मागच्या बाजूने, आडवाटेने, पोखरावे लागते. १९३२ साली व्हिएन्नाच्या श्वार्ट्झने सुरक्षित जोराची हद्द बारीक रक्तवाहिन्यांतील दाबाशी जोडली आणि ती चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम एवढी अल्प सांगितली. या सर्व छेदांतून एक प्रश्न उभा राहतो तो त्या काळी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. दात बाहेर, ओठाकडे सरकला तर भिंत आतून पोखरली जाणार हे ठरले. मग ती टिकावयाची तर तितकेच हाड तिच्या बाहेरल्या अंगाने चढले पाहिजे. भिंत जाड असेल तर थोडा अवधी मिळतो. भिंत मुळातच नखाएवढी असेल तर आतले काम आधी पुरे होते, बाहेरचे मागे राहते, आणि मूळ भिंतीतून बाहेर पडते. शेंग शिवणीवर तडकते ती अशी.

अँगलच्या मताविरुद्ध तकरार करणारे अमेरिकेतही होते. शिकागोचा कॅल्विन केस हा त्यांत अग्रणी. १९११ मध्ये राष्ट्रीय दंतवैद्यक संस्थेच्या सभेत त्याने, काही रुग्णांत दात काढणेच प्रशस्त, असे मांडताच अँगलपंथीयांनी त्याच्यावर जे तोंडसुख घेतले त्याचा वृत्तान्त वाचताना आपल्याकडील शास्त्री-पंडितांच्या वादसभांची आठवण होते. स्वीडनच्या आक्सेल लुंडस्ट्रोमने १९२५ मध्ये अधिक मूलगामी मुद्दा काढला: दातांच्या मुळांच्या टोकांखालचा जो हाडाचा पाया असतो त्याची रुंदी चाव्यावर अवलंबून नसते, उलट चावाच त्या पायाच्या मर्यादेत बसला पाहिजे. घराचे जोते आधी, भिंती मागाहून. पण युरोपातील एका भाषेत लिहिलेले शहाणपण अटलांटिक ओलांडून जाण्यास तेव्हा वेळ लागे, आणि ओलांडून गेल्यावरही ते ऐकून घेणारे कान मिळण्यास त्याहून अधिक.

ते कान अखेर मिळाले अँगलच्याच एका शिष्याला. ॲरिझोना प्रांतातील टूसॉन गावी चार्ल्स ट्वीड गुरूच्या आज्ञेप्रमाणे एकही दात न काढता वर्षानुवर्षे उपचार करीत होता. मग त्याने एक अशी गोष्ट केली जी यशस्वी धंदेवाईक माणूस सहसा करीत नाही: आपल्या बऱ्या झालेल्या रुग्णांना परत बोलावून त्याने त्यांची तोंडे आणि चेहरे पुन्हा तपासले. पुष्कळांचे ओठ दातांनी पुढे ढकललेले, रांगा पुन्हा विस्कटलेल्या. ट्वीडने त्यांच्या चार लहान दाढा काढून, मोबदला न घेता, उपचार नव्याने केले, आणि १९४० मध्ये अशा १०० रुग्णांचे आधीचे व नंतरचे साचे सहव्यावसायिकांपुढे मांडले. गुरू १९३० मध्ये वारला होता, म्हणून हे पाहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. ट्वीडचा उपदेश एका वाक्यात येतो: खालचे पटाशीचे दात खालच्या जबड्याच्या हाडावर ताठ उभे असले पाहिजेत. आपल्या चार उद्दिष्टांत त्याने चेहऱ्याची शोभा, चर्वण आणि टिकाऊपणा यांच्या जोडीला दाताभोवतीच्या मांसाचे आरोग्यही घातले, आणि मला वाटते या विद्येत हिरडीला सनदशीर जागा तेव्हा प्रथम मिळाली. पुढे दात काढण्याचाही अतिरेक झाला, निरोगी चेहरे आत बसविले गेले, हा वेगळा मामला आहे. लंबकाचा दोष घड्याळजीवर लादू नये.

असे असूनही प्रत्यक्ष पुढली भिंत अद्याप कोणी जिवंत माणसात पाहिलेली नव्हती, आणि याचे कारण साधे होते. साधा क्ष-किरण फोटो दोन दातांमधली हाडाची भिंत दाखवितो. दातापुढली भिंत दाताच्याच दाट छायेत लपते. १९३१ मध्ये क्लीव्हलंडला ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके शिकंज्यात स्थिर धरून बाजूने फोटो काढण्याची रीत बसविली, तेव्हा खालच्या जबड्याच्या मध्याची उंची-रुंदी काहीशी कळू लागली. त्यावरून दिसून आले की ज्यांचा चेहरा उभट आणि लांब असतो त्यांचा हनुवटीवरचा हाडाचा भाग उंच पण अरुंद असतो, जणू दोन घरांमधली अरुंद बोळ, आणि तेथे दात मागेपुढे हलविण्यास जागाच नसते; शिकागोच्या हँडलमनने १९९६ मध्ये हेच मोजमापासह मांडून दाखविले. उरलेल्या दातांसाठी पुन्हा कवटीकडेच जावे लागले. १९६३ पासून कवट्यांतील तडे आणि गवाक्षे मोजण्याची परंपरा सुरू झाली. ब्रिटनमध्ये सापडलेल्या रोमन अमदानीतील कवट्याही त्यातून सुटल्या नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आधुनिक अमेरिकन माणसांच्या १४६ कवट्या होत्या: त्यांपैकी ४०.४ टक्के कवट्यांत एक तरी तडा आणि ६१.६ टक्के कवट्यांत एक तरी गवाक्ष. दातांच्या हिशेबाने हेच प्रमाण अनुक्रमे ४.१ आणि ९ टक्के. तडे सर्वांत अधिक खालच्या सुळ्यांपुढे, आणि हाड जितके पातळ तितके ते अधिक. म्हणजे मी त्या दिवशी कपाटातून काढलेली कवटी मुळीच अपवादात्मक नव्हती. दात सरळ करावयास येणाऱ्या दहा माणसांतील चार जणांच्या तोंडात तारेचा स्पर्श होण्याआधीच एखादा तडा असू शकतो.

इतके असताना सर्वांच्याच हिरड्या का उतरत नाहीत? येथे पडद्याचा, म्हणजे हिरडीचा, प्रश्न येतो, आणि या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी काही काळ चुकीच्या पट्टीने मोजले. १९७२ मध्ये लांग आणि लो यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडांवरून असा निर्णय दिला की घट्ट हिरडीची रुंदी दोन मिलिमीटर असेल तरच ती निरोगी राहते. त्या फैसल्याच्या आधारे अनेक मुलांच्या टाळूवरून त्वचेच्या चकत्या काढून हिरडीवर शिवल्या गेल्या. स्वीडनच्या वेनस्ट्रोमने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये माकडांचे दात पुढे सरकवून पाहिले, तेव्हा रुंदीपेक्षा जाडीच निर्णायक ठरते असे दिसले. हाड नाहीसे झाले तरी जाड हिरडी, स्वच्छ असेल तर, पुष्कळ काळ जागा सोडीत नाही. पातळ हिरडीला मात्र दातावरच्या किटणाने आलेली थोडीशी सूज किंवा राठ ब्रशचे दोन आडवे फटकारे पुरतात. १९८२ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात दात हाडाबाहेर काढून पुन्हा आत आणले असता गेलेले हाड परत आले होते. पडदा शाबूत असला तर भिंत पुन्हा उभारता येते, असा त्याचा इत्यर्थ.

सारा दोष तारेवर टाकणाऱ्यांसाठी एक दाखला मी येथे मुद्दाम देतो. १९६९-७० पासून हाराल्ड लो यांनी दोन समाजांची तोंडे वर्षानुवर्षे तपासली: ओस्लोमधील सुशिक्षित पुरुष, दररोज ब्रश करणारे आणि दंतवैद्याकडे नियमाने जाणारे, आणि श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतील मजूर, ज्यांना दंतवैद्य ही वस्तूच ठाऊक नव्हती. मजुरांत विशी गाठण्यापूर्वी तीस टक्क्यांहून अधिकांच्या हिरड्या उतरलेल्या होत्या आणि चाळिशीला सर्वांच्या, त्याही दाताच्या चारी बाजूंनी. किटण आणि पुवाळलेला रोग यांचा तो अंमल. ओस्लोत मात्र विसाव्या वर्षीच साठ टक्क्यांहून अधिकांची हिरडी उतरली होती, पण केवळ गालाकडच्या आणि ओठाकडच्या बाजूने, म्हणजे जेथे भिंत पातळ आणि ब्रशचा जोर अधिक तेथेच. स्वच्छता ही गुन्हेगार नाही, पण पातळ भिंतीपुढे तिनेही हात आवरला पाहिजे. आपल्याकडे राखुंडीने किंवा विटकरीच्या भुकटीने दात घासण्याची वहिवाट ज्यांनी पाहिली आहे, किंवा मिश्री तासन् तास हिरडीशी धरून बसलेल्या आजीबाई ज्यांच्या घरात होत्या, त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

तेव्हा आजचा जाणता दंतवैद्य तार लावण्यापूर्वी जमिनीची मोजणी करतो: दात कोणत्या दिशेला न्यावयाचे, तेथील भिंत किती जाड, चेहरा उभट की रुंद, मुळे बोटाला किती लागतात, आणि हिरडी जाड की पातळ. दात आधीच पुढे ढळून त्याची हिरडी उतरली असेल आणि उपचारात तो आत यावयाचा असेल, तर तो आत आल्यावर हिरडी स्वतःच थोडी जाड होते, म्हणून हिरडीवर चकती शिवण्याचे काम मागाहून करणे योग्य. दात बाहेर न्यावयाचा असेल तर आधी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये शंकूच्या आकाराच्या क्ष-किरणांनी जबड्याचे तिन्ही अंगांनी चित्र घेण्याचे यंत्र आले, आणि पुढली भिंत जिवंत माणसात सहज दिसू लागली. पण या यंत्राचे चित्र बारीक घनांचे बनलेले असते, आणि भिंत त्या घनाहून पातळ असली की ती असूनही नाही असे दिसते. म्हणून पुष्कळ जण अजून एका फार साध्या परीक्षेवर विसंबतात.

ती परीक्षा मी गेल्या वर्षी प्रत्यक्ष पाहिली. माझ्या धाकट्या भावाच्या नातीचे खालचे पुढले दात दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले. ते सरळ करावयाचे म्हणून तिच्याबरोबर मी गेलो होतो. चेहरा भावाकडचा, लांबट. दंतवैद्यबाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक धातूची सळई तिच्या हिरडीच्या कडेत, दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, अलगद सरकवली आणि दिवा जवळ आणला. जाड हिरडीतून ती सळई दिसत नाही. येथे खालच्या दोन दातांवर तिची करडी रेघ, पातळ कागदाखाली ठेवलेल्या पेन्सिलीसारखी, स्पष्ट उमटली. मुलीच्या हातात आरसा होता.

‘‘आजोबा, तुम्हांला दिसते का हो ती?’’ तिने सळई तोंडात असतानाच बोबडे विचारले.

दिसत होती. तार लावण्याचा बेत तीन महिने पुढे ढकलला गेला.